विश्लेषण : रक्त न दाखवता हिंसा दिसते कशी? सावेडीच्या रंगमंचावरचा प्रश्न आणि शंभर वर्षांपूर्वीची जर्मन उत्तरे

पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे जर्मन भाषेतल्या तरुण लेखकांनी हिंसा लिहिण्याची रीतच बदलून टाकली. त्यांच्यातला एक नाटककार पंडित नेहरूंच्या ओळखीचा होता. ‘गिधाडे’मधला निळा डाग आणि ‘सैराट’मधली लाल पावले समजून घेताना या लेखकांची आठवण का होते?

सावेडीच्या माऊली सभागृहात एकांकिका स्पर्धा सुरू असल्या, की एका दिवसात चार-पाच वेगवेगळ्या जगांत फिरून येता येते. त्यातल्या एखाद्या जगात मारहाण असते, बलात्कार असतो, खून असतो. हा प्रसंग आला की बहुतेक संघांकडे एकच ठरलेला तोडगा असतो. प्रकाश लाल होतो, ढोलाचा ठोका पडतो, किंकाळी येते आणि अंधार होतो. काय घडले ते प्रेक्षकाला कळते. पुढच्या प्रवेशात तो ते विसरूनही जातो.

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात तरी हा प्रश्न निव्वळ प्रकाशयोजनेचा नाही. सोनई (जानेवारी २०१३), खर्डा (एप्रिल २०१४), जवखेडे (ऑक्टोबर २०१४), कोपर्डी (जुलै २०१६) ही गावे राज्यभर माहीत झाली ती तिथल्या हत्याकांडांमुळे. जे घडले ते बातम्यांत आले, मोर्च्यांच्या फलकांवर आले, मोबाइलवर फिरले. वारंवार पाहिल्यावर त्याचे काय होते, हे स्मार्टफोन वापरणाऱ्या कुणालाही वेगळे सांगायला नको. बोट वर सरकते आणि पुढचा व्हिडीओ सुरू होतो. मग नाटक करणाऱ्याने, कविता किंवा कथा लिहिणाऱ्याने हिंसा दाखवायची कशी? शंभर वर्षांपूर्वी जर्मनी आणि ऑस्ट्रियातले विशी-तिशीतले लेखक याच पेचात होते. त्यांच्या चळवळीला मराठीत ‘अभिव्यक्तिवाद’ म्हणतात.

अभिव्यक्तिवाद म्हणजे नेमके काय?

साधारण १९१० ते १९२५ या पंधरा वर्षांत चित्रकला, कविता, नाटक आणि चित्रपट या साऱ्यांत ही लाट होती. तिच्या आधी वास्तववादाचा जोर होता. रस्त्यावर एखाद्याला जमावाने मारले, तर वास्तववादी लेखक रस्ता कोणता, वेळ किती, हातात काठी होती की गज, हे नोंदवील. अभिव्यक्तिवादी लेखकाचा प्रश्न वेगळा असतो. मार खाणाऱ्याला त्या क्षणी तो रस्ता कसा दिसला? घरे अंगावर वाकलेली दिसली का, माणसांना चेहरे होते की नुसती तोंडे? लेखक ते तसेच लिहितो. घटना बाहेर घडते, पण वाकतो-मोडतो तो पाहणाऱ्याच्या आतला आरसा. वाचकाच्या हाती दिला जातो तो हा आरसा.

‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कालिगारी’ (१९२०) हा मूकपट यूट्यूबवर अनेकांनी पाहिला असेल. त्यातल्या तिरप्या भिंती, रंगवलेल्या सावल्या, कुठेही काटकोन नसलेल्या खिडक्या ही अभिव्यक्तिवादाची सर्वांत ओळखीची खूण. साहित्यात हेच काम वाक्यरचनेने केले. नाटकांतल्या पात्रांची नावे गेली आणि ‘पुत्र’, ‘बाप’, ‘स्त्री’, ‘अनामिक’ अशी पदे आली. कवितेतून क्रियापदे निखळली. सुटे, धक्का देणारे शब्द उरले.

हे सारे युद्धामुळे झाले, असे सोपे उत्तर नेहमी दिले जाते. ते पुरते खरे नाही. गेऑर्ग हाइम या कवीने युद्धाला एका अवाढव्य राक्षसाचे रूप देणारी कविता लिहिली ती १९११ मध्ये, महायुद्धाच्या तीन वर्षे आधी. दुसऱ्या वर्षी जानेवारीत, २४व्या वर्षी, गोठलेल्या हाफेल नदीवर स्केटिंग करताना बर्फ फुटून तो बुडाला. त्याने कल्पिलेले युद्ध त्याला पाहावे लागले नाही. गॉटफ्रीड बेन हा डॉक्टर. त्याच्या ‘मॉर्ग’ (१९१२) या छोट्या संग्रहातल्या कविता शवविच्छेदनाच्या टेबलावरच्या आहेत. तिथे मृतदेहांबद्दल हळहळ नाही, आवाज चढवणे नाही. त्या थंडपणानेच वाचक हादरला. आल्फ्रेड डब्लिनची त्या काळातली एक कथा तर आणखी विचित्र आहे. एक प्रतिष्ठित व्यापारी फिरायला जातो आणि काठीने एका पिवळ्या रानफुलाचे डोके उडवतो. एवढीच ‘हत्या’. पुढची सारी कथा त्याच्या अपराधी मनाची आहे. फुलाच्या नावाने तो पैसे बाजूला काढू लागतो. वाचताना हसू येते आणि मग या सभ्य माणसाच्या हातात आणखी काय काय करायची ताकद आहे, असा प्रश्न पडतो. सुसंस्कृत मध्यमवर्गाच्या बैठकीच्या खोलीत दडलेली हिंसा या लेखकांना युद्धाआधीच दिसली होती.

युद्धाने मग काय बदलले?

हे लेखकच मरू लागले.

गेऑर्ग ट्राकल हा ऑस्ट्रियन कवी पेशाने औषधविक्रेता होता. सप्टेंबर १९१४ मध्ये गालिसिया आघाडीवर ग्रोडेकच्या लढाईनंतर एका धान्याच्या कोठारात नव्वदेक गंभीर जखमी सैनिकांची जबाबदारी त्याच्यावर पडली. डॉक्टर नव्हता आणि देण्यासारखे औषधही जवळपास नव्हते. त्यातल्या एका सैनिकाने त्याच्यासमोर स्वतःला गोळी घातली. तो बाहेर आला तेव्हा झाडांवर फाशी दिलेली माणसे लटकत होती. ट्राकलने स्वतःवर पिस्तूल रोखले, सोबत्यांनी त्याला अडवले. पुढे क्राकोच्या लष्करी रुग्णालयात ३ नोव्हेंबर १९१४ रोजी कोकेनच्या अतिसेवनाने तो गेला. वय २७.

या अनुभवावर त्याने लिहिलेली ‘ग्रोडेक’ ही कविता जेमतेम १७ ओळींची आहे. कोठार त्यात नाही. ते नव्वद सैनिक, ती गोळी, ती झाडेही नाहीत. शरदातली संध्याकाळ आहे, जंगल आहे, मरणारे योद्धे आहेत आणि शेवटी जे अजून जन्मलेच नाहीत अशा नातवंडांचा उल्लेख आहे. मेलेल्यांची गणती करताना ट्राकल त्यांच्या पुढच्या न होणाऱ्या पिढ्याही धरतो. आकड्याने सांगता न येणारी गोष्ट तो अशी सांगतो.

आउगुस्ट श्ट्रामची तऱ्हा वेगळी. हा टपाल खात्यातला मोठा अधिकारी. साऱ्या जगात टपालाचा एकच दर असावा, या विषयावर त्याने डॉक्टरेट केली होती. युद्धात कप्तान म्हणून गेला आणि आघाडीवरून कविता पाठवत राहिला. त्या इतक्या आखूड आणि तुटक, की समीक्षक त्या शैलीला तारेची शैली म्हणतात. जुन्या काळी तार करताना शब्दागणिक पैसे पडत, म्हणून माणूस एकेक शब्द तोलून लिही. श्ट्रामच्या कवितेत गस्तीवरचा सैनिक शत्रूला पाहत नाही. दगड, खिडक्या, झाडे, झुडपे हीच त्याच्यावर चालून येतात. भीती वाटते असे तो कुठेही म्हणत नाही. भ्यालेल्या माणसाचे व्याकरण तो कागदावर उतरवतो. १ सप्टेंबर १९१५ रोजी पूर्व आघाडीवर तो मारला गेला.

१९१९ च्या अखेरीस कुर्ट पिंटुस याने २३ कवींचा एक संग्रह काढला. त्याच्या जर्मन शीर्षकातल्या शब्दाचा अर्थ पहाटेचा आणि संध्याकाळचा, दोन्ही वेळचा अंधुक उजेड असा होतो. इंग्रजी अनुवादकांना तिथे अडखळायला होते. मराठीत ती अडचण नाही, ‘मानवतेचा संधिप्रकाश’ म्हटले की झाले. उगवती की मावळती, हे ठरवायचे पिंटुसने वाचकावर सोडले होते. त्या २३ पैकी किमान सहा कवी पुस्तक निघाले तेव्हा हयात नव्हते.

नेहरूंच्या ओळखीचा तो नाटककार कोण?

एर्न्स्ट टोलर. या साऱ्या मंडळींमध्ये भारतीय वाचकाला सर्वांत जवळचा वाटेल असा हा लेखक, आणि आपल्याकडे सर्वांत कमी वाचला गेलेला.

जन्म १८९३. युद्ध सुरू होताच त्याने उत्साहाने नाव नोंदवले आणि फ्रान्सच्या आघाडीवर तेरा महिने काढले. आत्मचरित्रात त्याने एक प्रसंग सांगितला आहे. खंदक खणताना त्याची कुदळ कशात तरी अडकते. ओढून काढतो तर टोकाला आतडी. खाली माणूस पुरलेला असतो. तोपर्यंत त्याने पुष्कळ मृतदेह पाहिले होते, पण त्या दिवशी ‘मेलेला माणूस’ हे दोनच शब्द त्याच्या डोक्यात घुमत राहिले. मेलेला फ्रेंच नाही, मेलेला जर्मन नाही. थोड्याच काळात तो मनाने आणि शरीराने कोसळला आणि त्याला सैन्यातून मोकळे करण्यात आले.

१९१९ मध्ये बव्हेरियातल्या अल्पजीवी क्रांतिकारी सरकारात तो पुढाऱ्यांपैकी एक होता. ते सरकार चिरडले गेल्यावर त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात त्याने ‘जमाव आणि माणूस’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे नाटक लिहिले. त्याचा पहिला प्रयोग १९२० मध्ये न्युरेम्बर्गला झाला. नाटकातली ‘स्त्री’ युद्धाविरुद्ध संप पुकारते. जमावातून ‘अनामिक’ पुढे येतो आणि म्हणतो की नुसत्या संपाने काही होणार नाही, शस्त्रे घ्या. ती विरोध करते. तो जिंकतो, रक्त सांडते आणि पकडली जाते ती. शेवटी तिला पळून जाण्याची संधी मिळते, पण त्यासाठी एका पहारेकऱ्याला मारावे लागणार असते. ती नकार देते आणि तिला गोळ्या घातल्या जातात. तिची हत्या रंगमंचावर होत नाही. बाहेरून बंदुकांचा आवाज येतो. कोठडीत तिच्या चार वस्तू उचलायला आलेल्या दोन कैदी बायका तो ऐकून थबकतात. प्रेक्षकाने पाहायचे ते त्यांच्याकडे.

या नाटकानंतर सव्वा वर्षाने, फेब्रुवारी १९२२ मध्ये, चौरीचौरा येथे जमावाने पोलीस ठाणे पेटवले, २२ पोलीस मेले आणि गांधीजींनी असहकार आंदोलन थांबवले. न्याय्य लढ्यात जमाव हिंसक झाला तर त्याची जबाबदारी कोणाची, हा टोलरचा प्रश्न इथे बातमी होऊन आला होता. त्याला चौरीचौरा माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. तो म्युनिकच्या रस्त्यांवर जे पाहिले त्यावर लिहीत होता. त्याने उत्तर दिलेले नाही, हेही सांगायला हवे. ‘अनामिका’चे म्हणणे त्याने इतके ताकदीने लिहिले आहे की अनेकदा तोच बरोबर वाटतो.

फेब्रुवारी १९२७ मध्ये ब्रसेल्सला साम्राज्यवादविरोधी परिषद भरली. तिथे काँग्रेसचे प्रतिनिधी म्हणून जवाहरलाल नेहरू होते आणि टोलरही होता. ही ओळख टिकली. नेहरूंनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘अ बंच ऑफ ओल्ड लेटर्स’ या पत्रसंग्रहात टोलरचा पत्रव्यवहार आहे. हिटलर सत्तेवर आल्यावर टोलरला परागंदा व्हावे लागले. मे १९३३ मध्ये जाळल्या गेलेल्या पुस्तकांत त्याचीही होती. २२ मे १९३९ रोजी न्यूयॉर्कमधल्या हॉटेलात त्याने आयुष्य संपवले. तीन वर्षांनी नेहरू नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदी होते. सावेडीपासून काही किलोमीटरवरच्या या किल्ल्यात त्यांनी १९४४ मध्ये ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, हे नगरकरांना पाठ आहे. याच शहराच्या लष्करी छावणीत पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हिंदुस्थानातल्या जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिकांना डांबून ठेवले होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. मिशनरी, व्यापारी, जहाजांवरचे खलाशी अशी ती माणसे. ट्राकल ग्रोडेकच्या कोठारात होता त्याच सुमारास त्याच्या भाषेत बोलणारी माणसे नगरच्या काटेरी तारांमागे होती.

यंत्राने मारणे म्हणजे काय?

फ्रांझ काफ्काला अभिव्यक्तिवादी म्हणावे की नाही, यावर वाद आहे. तो या चळवळीच्या सभा-जाहीरनाम्यांत कधी नव्हता. पण या मंडळींचा प्रकाशक कुर्ट वोल्फ हाच त्याचाही प्रकाशक. आणि ऑक्टोबर १९१४ मध्ये लिहिलेली, १९१९ मध्ये छापलेली त्याची ‘दंडवसाहत’ ही कथा वगळून या विषयावर बोलणे अवघड आहे.

कथेत एक अधिकारी पाहुण्याला देहदंडाचे यंत्र समजावून देतो. यंत्राचे तीन भाग. खाली कैद्याला बांधायचा पलंग, वर दातेरी चाकांची पेटी आणि मध्ये असंख्य सुया लावलेला एक भाग. जर्मन मजकुरात या मधल्या भागाला शेतातल्या अवजाराचे नाव आहे. मराठीत सांगायचे तर दात्यांचा कुळव. नगर जिल्ह्यातल्या वाचकाला हा शब्द ऐकताच यंत्र डोळ्यांसमोर उभे राहील. हा कुळव कैद्याने मोडलेला नियम त्याच्याच पाठीवर बारा तास कोरत राहतो. सहाव्या तासाला कैद्याला आपल्या जखमांतून ती अक्षरे वाचता येऊ लागतात, असे अधिकारी भक्तिभावाने सांगतो. कैद्याला आधी आरोप सांगितलेला नसतो. शिक्षा काय तेही सांगितलेले नसते.

अंगावर काटा येतो तो सुयांनी नाही, अधिकाऱ्याच्या भाषेने. ती मशीनच्या माहितीपत्रकाची भाषा आहे. सुटे भाग मिळत नाहीत, एक चाक करकरते, पूर्वी देखभालीला पैसे मिळत, अशा त्याच्या तक्रारी आहेत. एखाद्या कारखान्याच्या देखभाल विभागात रोज ऐकू येणारे हे बोलणे आहे. काफ्का कामगार अपघात विमा संस्थेत नोकरीला होता. यंत्रात सापडलेल्या बोटांच्या आणि हातांच्या फायली त्याच्या टेबलावर येत. हिंसा करणारा राक्षस असतो, या समजुतीला त्याने दिलेला हा धक्का पुढे विसाव्या शतकाने खरा करून दाखवला.

मग हे सारे लेखक हिंसेच्या विरोधात होते का?

नाही. चळवळीबद्दल आदराने लिहिणाऱ्या लेखांत नेमके हेच निसटते.

ऑस्कर कोकोश्का हा पुढे चित्रकार म्हणून प्रसिद्ध झाला. त्याचे अगदी छोटे नाटक १९०९ मध्ये व्हिएन्नातल्या कलाप्रदर्शनाच्या बागेत झाले. अभिव्यक्तिवादी नाटकाची सुरुवात अनेकदा इथून धरतात. त्यात ‘पुरुष’ ‘स्त्री’ला तापल्या लोखंडाने डागतो, ती त्याला भोसकते आणि शेवटी तो तिला आणि बाकीच्यांना मारून निघून जातो. शीर्षकच असे आहे की खुनी पुरुष ही जणू स्त्रियांची आशा ठरावी. त्या रात्री गोंधळ झाला, शेजारच्या छावणीतले सैनिकही त्यात उतरले, असे कोकोश्काने सांगितले आहे. नाटकाचा परिणाम मोठा, यात शंका नाही. पण त्यातल्या स्त्रीला वेदना आहे, म्हणणे नाही. त्या काळातल्या कितीतरी कवितांत, चित्रांत स्त्रीचा छिन्न देह हे पुरुषाच्या मनातली खळबळ दाखवण्याचे साधन आहे. पुरुषाला काय वाटते हे सांगण्यासाठी स्त्री मरते. आपल्या एकांकिकांमध्येही नायकाला क्रोध यावा म्हणून पहिल्या दहा मिनिटांत त्याच्या बहिणीवर अत्याचार होतो, तेव्हा तीच रीत चालू असते.

‘बापाचा खून’ या विषयावरची नाटके हा तर या पिढीचा छंदच होता. वाल्टर हासेनक्लेव्हरच्या ‘पुत्र’ (१९१४) मध्ये मुलगा बापावर पिस्तूल रोखतो आणि बाप झटक्याने मरतो. आर्नोल्ट ब्रोनेनच्या नाटकात मुलगा खरोखरच बापाला भोसकतो. जुने मोडा, मग नवा माणूस जन्मेल, असा तो जोश. या जोशाचे पुढे काय झाले? हासेनक्लेव्हर नाझींपासून पळत राहिला आणि १९४० मध्ये फ्रान्समधल्या छावणीत त्याने जीव दिला. ब्रोनेन मात्र बराच काळ नाझींच्या बाजूला गेला. हान्स योस्ट हा अभिव्यक्तिवादी नाटककार तर नाझी राजवटीत लेखकांच्या सरकारी संस्थेचा प्रमुख झाला. ‘मॉर्ग’ लिहिणाऱ्या बेननेही १९३३ मध्ये काही काळ त्या राजवटीचे समर्थन केले, पुढे त्याच्यावरच लेखनबंदी आली. दुसरीकडे याकोप फान होडिस हा चळवळीचा एक आद्य कवी, ज्यू आणि मनोरुग्ण म्हणून १९४२ मध्ये मारला गेला.

हिंसा प्रभावीपणे रंगवली म्हणजे लेखक तिच्या विरोधात आहे, असे यातून अजिबात निघत नाही. मार कोणाच्या नजरेतून दाखवला आहे, इथे फरक पडतो. टोलर आणि ट्राकल जखमेच्या बाजूने लिहितात, कोकोश्का हत्याराच्या बाजूने.

मराठीचा याच्याशी संबंध काय?

थेट संबंध थोडा आहे. मराठी रंगभूमीला जर्मन नाटक माहीत झाले ते मुख्यतः ब्रेख्तमुळे. चिं. त्र्यं. खानोलकरांचे ‘अजब न्याय वर्तुळाचा’ आणि पु. ल. देशपांडे यांचा ‘तीन पैशाचा तमाशा’ (१९७८) ही त्याच्याच नाटकांची रूपे. ब्रेख्तने ज्या अभिव्यक्तिवाद्यांशी भांडत आपली वाट काढली, ते आधीचे लोक इथे फारसे पोहोचलेच नाहीत. त्यामुळे आपल्या नाटककारांवर टोलरचा प्रभाव शोधत बसण्यात अर्थ नाही. तोच प्रश्न इथल्या लेखकांपुढे स्वतंत्रपणे आला आणि त्यांनी आपापली उत्तरे काढली, हे अधिक खरे.

विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ डॉ. श्रीराम लागू यांनी १९७० मध्ये रंगमंचावर आणले. त्यात मालमत्तेसाठी भाऊ बहिणीच्या पोटावर लाथा घालून तिचा गर्भ पाडतात. ही माणिक साडीवर रक्ताचा डाग घेऊन रंगमंचावर येते. परिनिरीक्षण मंडळाने या डागाला हरकत घेतली. संघाने मग डाग निळा केला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना जाहीरपणे सांगितले, की हा निळा डाग लाल समजावा. मंडळाच्या अटीचे पालन झाले आणि डाग पूर्वीपेक्षा ठळक झाला. लाल रंगाकडे प्रेक्षक सवयीने पाहतो. निळा रंग पाहताना ‘हे रक्त आहे’ असे त्याला स्वतःला म्हणावे लागते, म्हणजे रक्त त्याच्या डोक्यात तयार होते. शैलीपायी जर्मन मंडळींनी केलेली रंगांची उलटापालट इथे सेन्सॉरने करून दिली!

पुढे १९७३ ते ७५ या काळात तेंडुलकरांनी समाजातल्या वाढत्या हिंसेचा अभ्यास केला तो नेहरूंच्याच नावाच्या शिष्यवृत्तीवर. त्याआधी डिसेंबर १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ आले होते. त्यातल्या ब्राह्मणांच्या रांगेची ‘माणसांची भिंत’ नाचते, गाते, वाकते आणि घाशीरामाचे अत्याचार झाकते. पडदा म्हणून उभी असलेली माणसेच गुन्ह्यात सामील आहेत, हे संवादाविना कळते. टोलरच्या नाटकातल्या बोलणाऱ्या जमावाची आठवण इथे आल्यावाचून राहत नाही. फरक इतकाच, की तेंडुलकर आणि जब्बार पटेल यांच्याकडे दशावतार, खेळे, कीर्तन, तमाशा होता. त्यांना तिरप्या भिंती रंगवाव्या लागल्या नाहीत.

त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह. तिथे व्याकरण श्ट्रामसारखेच फुटते, पण कारण वेगळे आहे. श्ट्रामची भाषा युद्धाने मोडली. ढसाळांच्या वस्तीत प्रमाण भाषा कधी आलीच नव्हती. वास्तव वाकडे करून दाखवण्याची गरज सुस्थितीतल्या लेखकाला पडते. जिथे रोजचे जगणेच वाकवलेले आहे, तिथे ते जसेच्या तसे सांगितले तरी वाचक हादरतो. जर्मन अभिव्यक्तिवादी बहुतेक चांगल्या घरातली मुले होती, हे त्यांना वाचताना लक्षात ठेवलेले बरे.

नगरमध्ये शिकलेला दिग्दर्शक काय करतो?

नागराज मंजुळे यांनी नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनाचे शिक्षण घेतले. ‘फँड्री’च्या शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे प्रेक्षकावर येतो. ‘सैराट’ (२०१६) मध्ये तर मारण्याची कृती पडद्यावर नाहीच. शेजारणीबरोबर बाहेर गेलेले लहान मूल घरात येते, आईबाप पडलेले असतात, मूल रडत बाहेर जाते आणि त्याच्या पावलांचे लाल ठसे जमिनीवर उमटतात. आवाज बंद झालेला असतो. ज्या चित्रपटाने अजय-अतुलच्या गाण्यांवर थिएटरात लोकांना नाचवले, त्याच्या शेवटी काही ऐकू येत नाही.

ही शांतता वास्तवातली नाही. प्रत्यक्षात मूल ओरडत असणार. आवाज काढून घेतला तो दिग्दर्शकाने. ट्राकलने कोठार काढून टाकले, टोलरने गोळीबार बाहेर ठेवला, तसाच हा निर्णय आहे. आणि नजर कोणाची? मारणाऱ्याची नाही, मेलेल्यांचीही नाही. काय झाले हे ज्याला अजून कळलेले नाही, त्याची. ट्राकलच्या न जन्मलेल्या नातवंडांच्या जागी इथे जन्मलेले, उरलेले मूल आहे.

वाचायचे तर कुठून सुरुवात करावी?

काफ्काची ‘दंडवसाहत’ इंग्रजी अनुवादात नेटवर सहज मिळते आणि एका बैठकीत संपते. ट्राकलची ‘ग्रोडेक’ फोनच्या एका स्क्रीनवर मावते. टोलरच्या आत्मचरित्रासाठी थोडा वेळ काढावा लागेल, पण त्यातले युद्धाचे प्रकरण आधी वाचले तरी चालेल.

एकांकिका करणाऱ्यांसाठी टोलरचेच ‘हिंकमान’ (१९२३). युद्धात पुरुषत्व गमावून परतलेला हा गरीब सैनिक पोटासाठी जत्रेत ‘जर्मन वीर’ म्हणून उभा राहतो आणि लोकांसमोर जिवंत उंदरांचे गळे चावतो. ड्रेस्डेनला जानेवारी १९२४ मध्ये राष्ट्रवादी प्रेक्षकांनी या नाटकाचा प्रयोग उधळून लावला होता. पण त्याच्या पहिल्या प्रवेशात ना जत्रा आहे, ना उंदीर. एक साधी खोली, नवरा-बायको आणि एक छोटा गाणारा पक्षी. सासूने त्या पक्ष्याचे डोळे तापल्या सुईने फोडलेले असतात, कारण आंधळा पक्षी जास्त गोड गातो असे तिने ऐकलेले असते. हिंकमान तो पक्षी हातात घेऊन उभा असतो. नेपथ्याला खर्च नाही, पात्रे मोजकी आणि लाल दिवा लागत नाही.